आधी सुई, मग चहा

आमच्या यंत्राला पाण्यातली साखर कळत होती, माणसातली कळत नव्हती. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझं आणि नरसिंगचं डोकं फिरायची वेळ आली ती एवढ्यावरूनच.

पाण्यात मोजून ग्लुकोज घाला, थेंब टाका, काटा जिथं जायला हवा तिथंच जाऊन उभा राहायचा. कितीदाही करा, तेच. आणि त्याच यंत्रावर डोंगरकडा गावातल्या उपाशी माणसाचा थेंब टाकला की काटा मनाला येईल तिथं. एकाला थोडा जास्त, दुसऱ्याला भलताच जास्त, तिसऱ्याला दोघांच्या मधे. कमी मात्र कधीच नाही. सगळ्यांना सारखंच चुकलं असतं तर मी स्क्रू पिळून त्याला वठणीवर आणलं असतं. पण हे चुकायचं तेही आपल्या मर्जीनं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात हे असलं यंत्र. मी एकदा त्याला चप्पल उगारली होती, नरसिंगनं हात धरला.

नरसिंग आणि मी हिंगोलीच्या कॉलेजात शिकवत होतो. तो केमिस्ट्री, मी फिजिक्स. तो डोंगरकड्याच्या बौद्धवाड्यातला, मी साखरा गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोघेही घराण्यातले पहिलेच शिकलेले, त्यामुळे दोघांनाही आपण काहीही करू शकतो असं वाटायचं. यंत्राची कल्पना त्याची. काचेच्या नळीत प्लॅटिनमची तार, तारेच्या टोकावर पापुद्र्यासारखी पातळ झिल्ली, आणि झिल्लीत अडकवलेलं एन्झाइम. हे एन्झाइम एका बुरशीपासून काढतात, आणि त्याचा जीव फक्त ग्लुकोजवर. रक्ताचा थेंब पडला की ते त्यातल्या साखरेवर तुटून पडतं आणि त्या खटाटोपात आजूबाजूचा ऑक्सिजन खाऊन टाकतं. ऑक्सिजन घटला की तारेतला करंट घटतो, आणि मी बनवलेल्या खोक्यावरचा काटा हलतो. जितकी साखर तितका काटा. दोन मिनिटांचं काम. परदेशात अशी यंत्रं निघाली होती, मासिकात फोटो पाहिला होता. आम्ही ते खोकं जुन्या रेडिओच्या सामानातून केलं. झिल्लीसाठी काय काय लावून पाहिलं त्याची गणती नाही. मेंढीच्या आतड्याचीही लावली, तिचा वास आठवडाभर खोलीतून गेला नाही.

प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, "कॉलेजात माणसाचं रक्त? उद्या पालक येतील माझ्या अंगावर." म्हणून यंत्र नरसिंगच्या घरी, डोंगरकड्याला, आतल्या खोलीत गेलं. एन्झाइम मुंबईच्या एका संस्थेतला त्याचा ओळखीचा माणूस पाठवायचा, बोटाएवढ्या बाटलीत. उकाड्यात ते तासाभरात मरतं. हिंगोलीच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा, थर्मासात भरायचा, थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसायचं, आणि शेजारच्या माणसाला सांगायचं की नाही हो, यात चहा नाही. कळमनुरीपर्यंत चार जण तरी विचारायचे.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर पद्मासाठी. पद्माबाई नरसिंगची धाकटी बहीण. तिला लहान वयातच साखरेची बिमारी लागली. लग्न झालं, आणि बिमारी कळल्यावर नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. गावात बालवाडी चालवायची, रोज स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घ्यायची. तिला अधूनमधून चक्कर यायची, शुद्ध हरपायची. साखर फार घटली तरी माणूस पडतो आणि फार वाढली तरी पडतो. घटली असेल तर तोंडात गूळ घालायचा, वाढली असेल तर सुई द्यायची. उलटं केलं तर माणूस हातचा जातो. आणि पडलेल्या माणसाकडं बघून डोंगरकड्यात कोण सांगणार काय झालंय ते? नळीत निळं औषध घालून लघवी उकळून बघायची सोय होती, पण ती कालची बातमी. रक्ताची तपासणी परभणीला, नाहीतर नांदेडला. एकदा साखर वाढलेली असताना शेजारणींनी मायेपोटी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला होता. त्यातून ती वाचली ते नशीब. नरसिंगनं यंत्राचा ध्यास घेतला तो त्या दिवसापासून.

गावच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा डॉक्टर धनसिंग राठोड होते. माणूस भला, पण कागदाशिवाय श्वासही न घेणारा. त्यांनी अट घातली. गावातली दहाबारा माणसं, त्यांत पद्माही, रात्रीपासून उपाशी ठेवायची. सकाळी दवाखान्यात त्यांचं रक्त काढून पहिल्या एसटीनं परभणीला पाठवायचं. मग तीच माणसं नरसिंगच्या घरी जातील, तिथं बोटाला सुई टोचून यंत्रावर थेंब टाकायचा. आकडे जुळले तर ते सही करतील, यंत्र दवाखान्यात ठेवून घेतील, आणि त्या सहीवर मुंबईची संस्था एन्झाइम पाठवत राहील. नाही जुळले तर बाटल्या बंद. मी म्हणालो, "डॉक्टर, तुमच्याच बाटलीतलं दोन थेंब रक्त द्या ना आम्हाला." ते म्हणाले, "ते सरकारी रक्त आहे." यावर काय बोलणार?

माणसं गोळा करायचं काम माझ्या मामानं केलं. रखमाजीमामा, आईचा सख्खा भाऊ, डोंगरकड्याच्या वरच्या आळीचा, शंभरेक मेंढरांचा धनी. त्याचा शब्द आळीत चालायचा. तरी हे सोपं नव्हतं. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर आग लागली होती. डोंगरकड्यात घर जळलं नाही, पण माणसं माणसांशी बोलायची बंद झाली ती बरेच दिवस. अशात वरच्या आळीची माणसं बौद्धवाड्यात येऊन, नरसिंगच्या पडवीत घोंगडीवर बसून, आपल्या पाळीची वाट बघतात, हीच केवढी तरी गोष्ट होती. पहिल्या दिवशी ती ओळ बघून नरसिंगची आई भागूबाई चुलीपाशी जाऊन पदरानं डोळे पुसत होती. मी ते बघितलं होतं.

आम्ही दोघं पहाटेपासून आतल्या खोलीत दार लावून बसायचो. वारा आला की काटा थरथरायचा, म्हणून दार एकेका माणसापुरतंच उघडायचं. माणूस आत आला, बोट टोचलं, थेंब टाकला, आकडा लिहिला, पुढचा. मधे कधीतरी भागूबाई आमच्या दोघांसाठी कपबशी आत सरकवायची. चहा असा की चमचा उभा राहावा एवढी साखर.

पहिल्या खेपेला परभणीचे आकडे आले आणि आमचे आकडे त्यांच्याशेजारी ठेवले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या खेपेला त्यांनी चष्माही काढला नाही. म्हणाले, "सर, तुमच्या मशीनच्या हिशेबानं अर्ध्या वरच्या आळीला साखरेची बिमारी झाली." जुळला तो फक्त पद्माचा आकडा, दोन्ही वेळा. डॉक्टर हसून म्हणाले, "भावाची मशीन, बहिणीचीच बाजू घेणार." मला त्यांचं बखोट धरावंसं वाटलं.

दुसऱ्या खेपेनंतरच्या रविवारी पद्मा पडली. दुपार होती. मी नरसिंगकडं यंत्र उघडून बसलो होतो. शेजारच्या बाया तिला उचलून घेऊन आल्या. डोळे अर्धे मिटलेले, श्वास खोल, हाक मारली की नुसतं हूं. नरसिंगनं तिचं बोट टोचलं, थेंब टाकला. काटा सरसर चढला आणि शेवटच्या रेघेला जाऊन टेकला.

"वाढलीय," मी म्हणालो. "सुई दे."

नरसिंगच्या हातात इन्सुलिनची सुई होती. तो काट्याकडं बघत होता. "हे जास्तच दाखवतं रे. नेहमीच जास्त दाखवतं. आणि झिल्ली फाटली तरी काटा तिथंच जाऊन बसतो. घटलेली असली तर? माझ्या हातानं मरंल ती."

"तिचा आकडा दोन्ही वेळा जुळलाय!"

"दोन वेळा." तो माझ्याकडं बघतही नव्हता. "तुझी बहीण असती तर दिली असती का तू?"

एक बाई गूळ घेऊन उभी होती, भागूबाई एकदा तिच्याकडं बघायची, एकदा सुईकडं. शेवटी आम्ही पद्माला कुणाच्या तरी हळदीच्या ट्रकमध्ये घालून नांदेडला नेलं. तिथं तपासणी झाली. साखर वाढलेलीच होती, काट्यानं दाखवली होती तशी. तिला पूर्ण शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस नरसिंग तिच्या खाटेशेजारून हलला नाही. यंत्र खरं बोललं होतं आणि त्यानं ते ऐकलं नव्हतं. ज्यानं स्वतः घडवलं त्याचाच भरवसा नाही, तर ते यंत्र काय चाटायचंय?

मग आम्ही कारणं शोधायला लागलो. पद्माच्या रक्तात नाही असं या लोकांच्या रक्तात काय आहे? मी म्हणालो, तंबाखू. आलेले सगळे तंबाखू खाणारे, पद्मा खात नाही. झालं, आठवडाभर आम्ही तंबाखूचं पाणी, चुन्याचं पाणी, दोन्ही एकत्र, असलं सगळं त्या बिचाऱ्या झिल्लीवर ओतत बसलो. काटा ढिम्म हलला नाही. मग नरसिंगला वाटलं, सुईआधी बोट पुसायच्या स्पिरिटचा दोष असेल. स्पिरिट बदललं. मला वाटलं वायरचा दोष असेल, सगळ्या वायरी नव्यानं डाखल्या. एन्झाइमची एकच बाटली उरली. तिसरी खेप शेवटची, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. मी रात्रंदिवस चिडलेला असायचो. बायको म्हणाली, "त्या डब्याशीच लगीन लावायचं होतं."

तिसऱ्या खेपेच्या दोन दिवस आधी रखमाजीमामा हिंगोलीला मोंढ्यात लोकर विकायला आला होता. एसटी स्टँडासमोर भेटला. मी त्याला हॉटेलात घेऊन गेलो आणि पोऱ्याला दोन चहा सांगितले.

मामा हात हलवून म्हणाला, "मला नगं बाबा. त्या भागूबाईच्या चहानं तोंडाची चवच गेली. येवढी साखर घालती की वठ चिकटत्यात. अन् एका कपावर सोडत न्हाई. रांगेत बसलो की दुसरा आनून ठिवती."

मी म्हणालो, "कधी देती चहा?"

"कधी म्हंजी? गेलो की. बसून ऱ्हातो तव्हा."

"सुईच्या आधी?"

"व्हय. सुई टोचल्यावर कोन बसतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली एवढ्या जोरात मी ओरडलो, "मामा! उपाशी या म्हणून सांगितलं होतं ना! पाण्याशिवाय पोटात काही नको म्हणून डॉक्टरांनी घसा कोरडा केला होता!"

"मग उपाशीच तर व्हतो. भाकरीचा तुकडा न्हाई खाल्ला. चहानं कुठं पोट भरतंय?"

काय करावं, हसावं की डोकं आपटावं, कळेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही तंबाखू उकळत बसलो होतो. यंत्र एका शब्दानं खोटं बोललं नव्हतं. दवाखान्यात रक्त काढलं तेव्हा माणूस उपाशी होता, तिथून आमच्याकडं येऊन चहा प्याला, आणि जो जितका वेळ पडवीत बसला, जितके कप प्याला, तितका त्याचा काटा चढला. पद्माला साखरेचा चहा वर्ज्य, म्हणून तिचा आकडा जुळायचा. आणि कहर म्हणजे तोच चहा आम्ही दोघं दाराआड बसून पीत होतो! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मामा, एक कप नको म्हणता आला नाही तुला?"

मामानं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. आरं, गेल्या साली काय काय झालं तुला काय म्हाईत न्हाई का? आता त्या घरात बसलो, म्हातारी कप म्होरं धरती, नवा कोरा, फुलाफुलांचा. न्हाई म्हणलं तर तिला काय वाटल? अन् तू आत बसलेला, नरसिंग सर आत बसलेले. पेलो गपगुमान. सगळेच पेले. येकमेकाकडं बघून पेले."

मी तसाच उठून नरसिंगच्या खोलीवर गेलो. तो हिंगोलीत माझ्या गल्लीच्या मागं राहायचा. वाटलं होतं, ऐकून उड्या मारेल. तो खाटेवर बसला आणि बराच वेळ हातातल्या पेपराची घडी घालत राहिला.

"आईला कोण सांगणार?" तो म्हणाला.

"त्यात काय सांगायचं? आधी सुई, मग चहा. संपलं."

"तुला सोपं आहे." त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच चढला. "वरच्या आळीच्या माणसानं आमच्या घरचा कप तोंडाला लावलेला तिनं जन्मात बघितला नव्हता, संपत. तिनं कप आणले नांदेडहून, मला न सांगता. रोज पुसून ठेवती. शेजारणींना बोलावून दाखवती, हा रखमाजीचा, हा सिंधूबाईचा. आता मी तिला सांगू, की माय, तुझ्या चहानं माझं यंत्र नासवलं? आणि सुईनंतर ते थांबतील, याची खात्री आहे तुला?"

"का नाही थांबणार?" मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यानं सांगितलंच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डोंगरकड्याला गेलो तेव्हा मी शेजारी उभा होतो. भागूबाई ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि नरसिंगवर उखडली.

"मला आधी काहून न्हाई सांगितलं? येवढं बुकं वाचलेले तुमी दोघं, आत चहा ढोसून राहिले, अन् मला येका शब्दानं म्हणता आलं न्हाई की माय, साखरंनं खेळ बिघडतो? मी काय लेकीची वैरी हाय? त्या दिशी पोरगी मरून राहिली व्हती, अन् तू सुई हातात धरून उभा! माझ्या चहापायी!"

"माय, मला पण आत्ताच कळलं..."

"चूप. उद्या आधी सुई. कप मी नंतर भरीन."

पद्मा उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "माय, उद्या चहा ठिवूच नको ना. कशाला?"

"काहून? आलेल्या मान्साला तसंच लावू?" भागूबाई म्हणाली आणि परत सुपाकडं वळली. पण मग निवडलेल्या ज्वारीत तिनं वेचून काढलेले खडे परत टाकले, ते मी बघितलं.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी बर्फ, थर्मास, शेवटची बाटली घेऊन पहिल्या गाडीनं पोचलो. डॉक्टर स्वतः आले, खोलीत खुर्ची टाकून बसले. पडवीत माणसं बसली. मी दार मुद्दाम बोटभर उघडं ठेवलं होतं, वारा आला तर येवो. बाहेर भागूबाई भिंतीशी उभी होती, हात पदराखाली. चूल पेटलेली, पातेलं झाकलेलं. कुणालाच चहा मिळाला नाही, कुणी मागितलाही नाही.

पहिला थेंब टाकला. काटा उठला, आणि उपाशी माणसाचा जिथं थांबायला हवा तिथं थांबला. दुसरा. तिथंच, जरा इकडं. तिसरी सिंधूबाई, मामाच्या शेजारची, मेंढरांमागं हिंडून काटकुळी झालेली. तिचाही तिथंच. नरसिंग आकडे लिहीत होता आणि लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, दुसरी घेतली, तीही मोडली. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून काट्यावर वाकले. पद्माचा वर होता, तिचा असायचाच. शेवटी ते म्हणाले, "सर, परभणीचं काहीही येवो, मला दिसतंय." हे वाक्य डॉक्टरांनी कागदाशिवाय उच्चारलं. चार दिवसांनी परभणीचे आकडे आले आणि जुळले, त्यांनी सही केली, यंत्र दवाखान्यात गेलं. हे सगळं झालं. पण त्या सकाळी मला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण मी दाराच्या फटीतून बाहेर बघत होतो.

पहिला माणूस बोटाला कापूस धरून बाहेर गेला. भागूबाईनं कप पुढं केला. तो म्हणाला, "बाई, गाडी सुटंल माझी," आणि वहाणा पायात सरकवल्या. दुसरा म्हणाला, "शेतावर मान्सं खोळंबलीत." तिसरी सिंधूबाई, ती मात्र भिंतीला टेकून बसली. "दे गं बाई. मी तर चहासाठीच येती, सुई गेली खड्ड्यात," म्हणाली आणि बशीत ओतून फुर्र करून प्याली. दुसराही मागून घेतला. तिच्यामागचा माणूस निघून गेला. त्याच्यामागचाही. सगळे अगदी नीट बोलत होते. वाईट कुणीच बोललं नाही. प्रत्येकाला काही ना काही काम आठवत होतं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या अर्धा कप घेतला आणि घड्याळ बघत निघाले.

रखमाजीमामा शेवटचा होता. त्याचा थेंब टाकला, आकडा सरळ. तो उठला, बाहेर गेला. भागूबाईनं कप धरला. मामा म्हणाला, "मेंढरं सोडायची हायत, बाई. ऊन चढलं." आणि पायऱ्या उतरला.

मी काटा, झिल्ली, सगळं तसंच टाकून त्याच्यामागं धावलो. बौद्धवाड्याच्या कोपऱ्यावर त्याला गाठलं. "मामा, परत फिर. एक कप पिऊन जा. परवा काय म्हणाला होतास तू? म्हातारीला काय वाटेल म्हणाला होतास ना?"

मामानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. "संपत, तव्हा न्हाई म्हणता येत नव्हतं," तो म्हणाला. "आता येतंय."

"मग इतके दिवस..."

"इतके दिस पेलो की. कमी पेलो का?" तो चालू लागला. जाता जाता म्हणाला, "तुझी मशीन बराबर झाली ना? मग झालं."

मी तिथं उभा राहिलो. मला त्याच्या पाठीत धोंडा घालावासा वाटला आणि तो माझा मामा होता, आईचा सख्खा भाऊ, लहानपणी मला खांद्यावर घेऊन मेंढरांत हिंडवणारा. मी काही केलं नाही. परत आलो.

पडवीत भागूबाई खाली बसली होती. समोर ताटात फुलाफुलांचे कप, सिंधूबाईचा आणि डॉक्टरांचा सोडून सगळे भरलेले. नरसिंग आकड्यांचा कागद हातात धरून आतून आला. त्याचं तोंड असं फुललेलं मी कधी बघितलं नव्हतं. "माय, जुळले! सगळे..." आणि त्याची नजर ताटावर गेली.

पद्मा आईच्या शेजारी येऊन बसली.

भागूबाई म्हणाली, "आधी चहा, मग सुई, असंच ऱ्हाऊ दिलं असतं तर?"

"तर यंत्र खोटं ठरलं असतं, माय," नरसिंग म्हणाला.

"ठरलं असतं," ती म्हणाली. मग तिनं पद्माकडं बघितलं. तिचा हात ओढून घेतला, टोचलेलं बोट उघडून बघितलं, आपल्या अंगठ्यानं जरा दाबून धरलं. "नगं. बराबर हाय ते बराबर." आणि एकेक कप उचलून परत पातेल्यात ओतायला लागली.

मी तिच्या हातातून एक कप काढून घेतला. गार झाला होता, वर साय धरली होती, आणि साखर नेहमीइतकीच, ओठ चिकटावेत अशी. तो संपवून दुसरा घेतला, मग तिसरा. कुणाचा राग होता ते माझं मलाही धड सांगता येत नव्हतं. चौथ्याला हात घातला तेव्हा भागूबाईनं तो बाजूला सरकवला.

"बस कर रे," ती म्हणाली. "तुलाबी साखरंची बिमारी व्हईल."